हद्दीवरची मोटार

चांदसाबची मोटार सकाळी सोलापुरातल्या सात रस्त्यावरून सुटायची आणि वडतळ्याच्या पुढं एका दगडापाशी येऊन थांबायची. दगड गुडघ्याएवढा, चुन्यानं रंगवलेला. अलीकडं सरकारी मुलूख, पलीकडं जहागिरी. अलीकडचा रस्ता वडतळे लोकल बोर्डाचा. पलीकडचा उतार, खालचा ओढा आणि समोरची चढण बेलहळ्ळी नगरपालिकेची. दगडापाशी उभं राहिलं की बेलहळ्ळीचा बाजार दिसायचा. पण दिसणं वेगळं आणि पोचणं वेगळं. चांदसाब ब्रेक दाबायचा, मागं वळायचा आणि म्हणायचा, "उतरा मंडळी, हद्द आली."

मग मंडळी उतरायची. डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, कुणाच्या हातात पाय बांधलेल्या कोंबड्या. उतार उतरून, धोतरं-लुगडी वर खोचून ओढ्यातनं पलीकडं जायची आणि तिथं बैलगाड्या उभ्या असायच्या त्यांत बसायची. मोटारीला ओढा जड होता असं नाही. उन्हाळ्यात त्यात घोटाभर पाणी. जड होती ती दोन गावांची शान. बेलहळ्ळीकर म्हणत, मोटारीला परवाना देणार वडतळं आणि रस्ता फुटणार आमचा, हे कुठल्या न्यायाचं? वडतळेकर म्हणत, परवाना आमचाच चालणार, आणि तो उतार आधी बेलहळ्ळीनं नीट करावा. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथं तिसरा चांदसाब होता, आणि लाभ शोधूनही सापडत नव्हता.

आता हा चांदसाब कोण, ते सांगायला हवं. विजापूर वेशीजवळ राहणाऱ्या इलाहीबक्ष टांगेवाल्याचा हा थोरला. उंच, काटक, बोलायला मऊ. घोड्यांशी बोलत वाढलेला, त्यामुळं पुढं मोटारीशीही बोलायचा. चढण आली की तिला "चल गे माय, थोडंच राहिलं" म्हणायचा. प्रवासी हसायचे, पण चढण संपेपर्यंत मनातल्या मनात तेही तेच म्हणत असायचे.

जर्मनच्या लढाईच्या वेळी इंग्रजांच्या फौजेला मोटार चालवणारी माणसं हवी होती. चांदसाब एका साहेबाच्या गाडीवर थोडंफार शिकला होता. तो समुद्रापार इराकात बसऱ्याला गेला. "सहा महिन्यांत येतो" म्हणून गेला तो चार वर्षांनी आला. जाताना रांगणारी त्याची लेक गुलबानो दारात उभी होती. तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि आत जाऊन आईला सांगितलं, "अम्मा, कोन की मेहमान आये." सायराबानू हसता हसता रडली. चांदसाबला मात्र ते काळजात लागलं. त्या दिवशी त्यानं बायकोला शब्द दिला, की आता परमुलखात राहायला म्हणून जाणार नाही. सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येईल तेवढ्याच लांबचं काम करीन. बापाचे घोडे विकून त्यानं जुनी मोटार घेतली ती या शब्दापायी.

सन पंचवीसच्या उन्हाळ्यात तो शब्द मोडायची वेळ आली. वडतळे बोर्डानं परवाना दिला होता तो मोटार बेलहळ्ळीच्या बाजारापर्यंत जाईल या भरवशावर. अर्ध्या वाटेवर माणसं उतरवणारी मोटार कुणाला हवी? लोक कुरकुरू लागले, बोर्डात सवाल झाले आणि चांदसाबला निरोप आला: पावसाळ्याच्या आत मोटार पुढं गेली तर ठीक, नाहीतर परवाना संपला असं समजावं. बसऱ्यातल्या एका जुन्या सोबत्यानं मुंबईच्या गिरणीत लॉरीवर जागा बघून ठेवली होती. हे सायराबानूला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. ती थापतच राहिली.

तसं पाहिलं तर तोडगा कागदावर निघालेला होता. वडतळ्याचे तीन आणि बेलहळ्ळीचे तीन मेंबर मिळून जॉइंट कमिटी करायची, आणि ती या एका रस्त्याबद्दल जे ठरवील ते दोन्हीकडं लागू. दोन्ही सभांनी हात वर करून ठराव केला होता. घोडं पेंड खात होतं ते पुढंच. कमिटीनं बसायचं कुठं? वडतळ्यात बसावं तर बेलहळ्ळीवाले म्हणणार, आम्ही काय त्यांच्या दारी मागायला जायचं? बेलहळ्ळीत बसावं तर वडतळेकरांच्या नाकाला मिरची झोंबणार. अशी कमिटी जन्माला येऊन चार महिने झाले तरी तिचं बारसं होईना.

वडतळ्याचे प्रेसिडेंट तात्याबा. जातीचे धनगर, मेंढरांमागं फिरत मोठे झाले, गावानं निवडून बोर्डावर पाठवलं. आवाज असा की माळावरून हाक मारली तर ओढ्यापलीकडची मेंढरंसुद्धा वळावीत. बेलहळ्ळीचे रेवणप्पा कापडाचे व्यापारी. सोलापुरातल्या नवी पेठेतून माल न्यायचे. कपाळाला भस्म, बोलणं सावकाश, आणि हट्ट मात्र तात्याबांच्या तोडीस तोड. माणसं दोघंही वाईट नव्हती. एकेकटे भेटले तर चांदसाबला चहा पाजल्याशिवाय सोडत नसत. फक्त एकमेकांचं नाव निघालं की दोघांनाही ठसका लागायचा.

चांदसाबनं दोन्ही दारी खेटे घालून चपला झिजवल्या आणि शेवटी एक दिवस वैतागून तात्याबांना म्हणाला, "साहेब, मी मोटार हद्दीवर उभी करतो. अर्धी तुमच्यात, अर्धी त्यांच्यात. मोटारीतच बसा की समदे!"

तात्याबांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजी ते लोक हद्दीपतुर चालत येणार?"

"येणार की."

"मंग बसू."

रेवणप्पांनीही नेमकं तेच विचारलं आणि नेमकं तेवढ्यावरच होकार दिला. दोघांनाही वाटलं, आपण जिंकलो. चांदसाब तिथून निघाला तेव्हा त्याला हसावं की रडावं कळत नव्हतं.

ठरल्या दिवशी सकाळी त्यानं मोटार पुसून लखलखीत केली आणि पांढरा दगड बरोबर मधोमध येईल अशी उभी केली. पुढची चाकं बेलहळ्ळीत, मागची वडतळ्यात. वडतळ्याच्या मेंबरांनी मागं बसायचं, बेलहळ्ळीच्यांनी पुढच्या बाकांवर, असा त्याचा हिशेब. पण तात्याबा आले आणि मागची बाकं बघून जागीच थबकले.

"रेवणप्पा पुढं बसणार आन् मी मागं? प्रेसिडेंट मागं बसत नसतो."

सगळ्यात पुढं जागा दोनच, त्यातली एक ड्रायव्हरची. दुसरीवर रेवणप्पा आधीच पाय आवरून बसले होते. तात्याबा सरळ जाऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसले. मानासाठी ते आपल्याच पायांनी दुसऱ्याच्या हद्दीत शिरले होते, पण हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि चांदसाबला ते सांगायची काही हौस नव्हती.

मोटार उतारावर तोंड करून होती. गिअर टाकलेला, हातब्रेक ओढलेला. पण त्या ब्रेकवर खुद्द चांदसाबचाच भरवसा नव्हता. रोज इथं थांबला की तो पुढच्या चाकांखाली दोन दगड सरकवायचा. आजही तो दगड घेऊन वाकला, तेवढ्यात नगरपालिकेचा शिपाई सिद्धाराम पट्टा सावरत आडवा आला.

"थांबा चांदसाब. पुढची चाकं आमच्या हद्दीत हायत. दगड आमी लावणार."

"लावा की," चांदसाब म्हणाला. त्याला दगड लागल्याशी मतलब.

सिद्धारामनं शेजारच्या खडीच्या राशीला हात घातला. ती रास हद्दीच्या दगडाच्या अलीकडं होती. बोर्डाचा शिपाई धोंडीराम तिथं पाय रोवून उभाच होता.

"ए, ठेव खाली. खडी आमच्या बोर्डाची हाय. तुमच्या हद्दीत न्ह्यायची तर साहेबांस्नी इचारावं लागंल."

"एका दगडाला?"

"एक असू दे न्हायतर गाडीभर. माल बोर्डाचा."

"मी लावतो रं बाबांनो," चांदसाब म्हणाला, "माझी मोटार, माझा हात..."

"तुमी मधी पडू नका!" हे मात्र दोघंही एका सुरात म्हणाले. धोंडीरामनं चांदसाबच्या हातातला दगडही काढून घेऊन राशीवर ठेवला आणि सिद्धाराम आपल्या हद्दीतला दगड शोधायला उतारावर गेला. तिथं सगळी माती आणि वाळू. तो शोधतोय शोधतोय, आणि इकडं मोटारीत बोलणं तापलेलं.

नमनालाच घडाभर तेल चाललं होतं. परवान्यावर आधी सही कुणाची, यावर गाडी अडली. रेवणप्पा म्हणाले, "रस्ता आमचा जास्ती. आमची सही आधी." तात्याबा तटकन उठले. उठताना त्यांनी स्टिअरिंगवर पंजा आपटला आणि गुडघा बसला तो गिअरच्या दांड्यावर. खटकन आवाज झाला, गिअर सुटला. एक क्षण काहीच झालं नाही. मग मोटार, कुणाचाही ठराव न घेता, हळूच पुढं निघाली.

"अगं अगं अगं!" चांदसाब ओरडत धावला. पायरीवर चढला, आत हात घालून स्टिअरिंग धरलं. "साहेब, हात काढा! हात काढा तेवढा!"

तात्याबांना काही ऐकू येत नव्हतं. मेंढरं बिथरली की जसे आवाज काढायचे तसे "हुर्रर्र, हुर्रर्र" करत ते मोटारीला वळवू बघत होते. रेवणप्पांनी डोळे मिटून नाव घेतलं ते सिद्धेश्वराचं. मागचे चार मेंबर, दोन इकडचे दोन तिकडचे, एकमेकांना गच्च धरून बसले होते. सिद्धाराम उतारावरून उडी मारून बाजूला झाला. चांदसाबनं मोटार कडेच्या घळीपासून वळवली, मधल्या चाकोरीत घातली, आणि ती धडधडत खाली जाऊन ओढ्यात शिरली. पाणी दोन्ही बाजूंनी उडालं. चाकं वाळूत रुतली आणि मोटार उभी राहिली.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. रेवणप्पांचा रुमाल तेवढा डोक्यावरून उडून पाण्यात चालला होता, तो सिद्धारामनं पळत जाऊन धरला. पण चांदसाबच्या तोंडचं पाणी पळालं होतं. संपलं, त्याला वाटलं. परवाना देणाऱ्या सहाच्या सहा माणसांना मी ओढ्यात नेऊन बुडवलं. मुंबईच्या आगगाडीची शिट्टी त्याला तिथं ओढ्यातच ऐकू येऊ लागली.

सगळे खाली उतरले. आणि उतरून काय केलं, तर भांडायला लागले.

"तुमच्या हद्दीत रुतली, तुमी काढा," तात्याबा म्हणाले.

"परवाना तुमचा, मोटार तुमची," रेवणप्पा धोतर पिळत म्हणाले. "तुम्हीच काढा."

घोटाभर पाण्यात उभं राहून दोन प्रेसिडेंट एकमेकांवर बोटं नाचवत होते. तेवढ्यात उतारावरून कस्तुराबाई कासारीण आली. बेलहळ्ळीचा बाजार होता, आणि आज मोटार नाही म्हणून ती वडतळ्यापासून चालत आली होती. डोक्यावर बांगड्यांची टोपली. तिनं एकेक पाऊल जपून टाकत पाणी ओलांडलं, टोपली काठावर ठेवली आणि मागं वळून बघितलं.

"आवं, येवडं का कोकलताय?" ती म्हणाली. "आमी दर बाजारी हितनंच जातोय की. माज्या तर बांगड्या फुटत्यात. तुमचं निस्तं धोतर भिजलंय."

तात्याबांचं बोट हवेतच राहिलं. मग रेवणप्पांनी अंगातला कोट काढला, घडी करून सिद्धारामकडं दिला, आणि मोटारीच्या मागं जाऊन दोन्ही हात लावले. त्यांना एकटं बघून तात्याबा राहतात होय? तेही येऊन शेजारी उभे राहिले. मग मेंबर आले, शिपाई आले. रेवणप्पा कानडीत मोजू लागले, "ओंदू, एरडू, मूरू!" आणि तिसऱ्याला तात्याबांनी अशी आरोळी ठोकली की मोटार त्या आवाजानंच हलली असं धोंडीराम पुढं कैक वर्षं सांगायचा. चांदसाबनं हँडल मारलं, इंजिन खोकलं, थरथरलं, सुरू झालं. दोन-तीनदा घसरून मोटार पलीकडच्या काठावर चढली. त्या काठावर उभी राहिलेली ती पहिली मोटार. पण त्या वेळी कुणाच्या ते ध्यानात आलं नाही.

माणसं करंजाच्या सावलीत धोतरं वाळवत बसली. चांदसाब बाजूला उभा. रेवणप्पांनी त्याला जवळ बोलावलं.

"खरं सांग, चांदसाब. ब्रेक नाही का मोटारीला?"

"आहे, साहेब. पण या उताराला पुरत नाही. म्हणून मी रोज चाकाखाली दगड लावतो."

"मग आज का नाही लावलास?"

चांदसाबनं शिपायांकडं बघितलं. सिद्धाराम आपल्या पट्ट्याकडं बघत होता आणि धोंडीराम आभाळाकडं. गरिबांच्या पोटावर कशाला पाय द्या, असं त्याच्या मनात आलं. पण खोटं बोलून तरी काय निभणार होतं? मोटार गेली तर आपलंही पोट होतंच.

"साहेब, दगड होते," तो खाली बघून म्हणाला. "कुणाच्या हद्दीतला लावायचा, ते ठरत नव्हतं."

रेवणप्पांनी तात्याबांकडं बघितलं. तात्याबांनी रेवणप्पांकडं. आणि मग तात्याबा हसले. आधी मिशीतल्या मिशीत, मग पोट धरून, मग डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. रेवणप्पांनी गंभीर राहायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण त्यांचंही काही चाललं नाही.

"म्हंजी चार म्हैनं आपून हेच करत हुतो की, रेवणप्पा!"

"हौद्री," रेवणप्पा डोळे पुसत म्हणाले. "अगदी हेच."

नंतरचं काम दोन विड्यांत झालं. परवाना एकच, त्यावर दोघांच्या सह्या एका ओळीत. उताराची खडी आणि ओढ्यातली फरशी दोघांनी मिळून करायची. इथून पुढं या रस्त्याचं काहीही ठरवायचं तर ते कमिटीनं, कुणा एकट्यानं नाही. बैठक एकदा इकडं, एकदा तिकडं. "मोटारीत नको," रेवणप्पांनी मुद्दाम सांगितलं.

"आन् चांदसाब," तात्याबा म्हणाले, "ब्रेक पयला नीट करून घ्यायचा. आज हळू हाक. कागद मागनं यील."

"आजपासनं, साहेब?"

"आजपास्नंच की. काठावर चढलीच हाय मोटार, आता काय उलटी न्ह्यायची?"

चांदसाबचा जीव भांड्यात पडला. तो मोटारीआड गेला, चाकाला टेकून बसला आणि तोंडावर पाणी मारून घेतलं. कुणी बघितलं असतं तर ते ओढ्याचंच पाणी वाटलं असतं.

मग त्यानं कमिटीला आणि वाटेतल्या पायी माणसांना घेऊन मोटार बेलहळ्ळीच्या बाजारात नेली. पोरं मागं धावली, दुकानदार उठून उभे राहिले. संध्याकाळी परतताना ओढा आला, उतार आता चढ होऊन समोर आला, आणि चांदसाबनं नेहमीसारखं मोटारीच्या कानी लागून तिला वर चढवलं. कस्तुराबाई रिकामी टोपली मांडीवर घेऊन पेंगत होती. बऱ्याच वेळानं दचकून उठली.

"हद्द आली का रं? उतरायचंय?"

"हद्द मघाच मागं गेली, बाई," चांदसाब म्हणाला. "झोपा तुमी. वडतळं आलं की उठवतो."

घरी पोचला तेव्हा दिवा लागला होता. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला बघून सायराबानूनं हातातलं काम खाली ठेवलं. "क्या हुआ?" तिनं विचारलं. चांदसाबनं सगळं सांगितलं. दगड, ओढा, रेवणप्पांचा रुमाल. ती हसली नाही. ऐकून घेतलं, उठली, धान्याच्या कणगीमागं गेली आणि तिथून एक वळकटी ओढून आणली. सुंभानं करकचून बांधलेली.

"ये कब बांधी?"

"तुम मुंबई बोले उसी दिन," ती म्हणाली. "जाते वखत हात कांपे तो बांधने नै आता, बोलके बांधी."

गाठ इतकी आवळली होती की सुटेना. दोघं मिळून बसले तिच्यापुढं. शेवटी चांदसाबनं दात लावले तेव्हा ती सैल झाली. आत त्याचे दोन सदरे, चादर, वस्तरा आणि शेंगाचटणीचा डबा. सायराबानूनं चटणी परत बरणीत ओतली, सदरे खुंटीला लावले आणि चादर तिथंच खाली अंथरली. आत्ता कुठं तिचे डोळे वाहायला लागले, आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

गुलबानो दारातून हे सगळं बघत होती. "अब्बा, कां जारे थे तुम?" तिनं विचारलं.

"कंईं नै," चांदसाब म्हणाला आणि चादरीवर अंग टाकलं. "बेलहळ्ळी तक. शाम कू वापस."